दाब, रेटा आणि घडी : अरवलीच्या दक्षिण टोकाचे रूपांतरित खडक आणि आपली परिभाषा

रूपांतरित खडकाची व्याख्या शालेय पुस्तके एका वाक्यात देतात : उष्णता आणि दाब यांमुळे मूळ खडकाचे स्वरूप बदलून जो खडक तयार होतो, तो रूपांतरित खडक. वाक्य सुटसुटीत आहे, पाठ करायला सोपे आहे आणि असत्यही नाही. पण पर्वत घडत असताना खडकाला घड्या पडतात, त्याचे पदर सुटतात, तो कुठे ताणला जातो तर कुठे पिळवटतो, यांपैकी काहीही या वाक्यातून विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर उभे राहत नाही. अडचण 'दाब' या शब्दात आहे. एकाच शब्दावर आपण दोन वेगळ्या गोष्टींचे ओझे टाकले आहे.

मी भूशास्त्राचा अभ्यासक नाही, साहित्य शिकवतो. पण माझे राहणे फतेगंजात, विद्यापीठाच्या शेजारी. घरी मराठी, शेजारी गुजराती आणि वर्गात इंग्रजी अशा तीन भाषांत वाढलेली विज्ञान शाखेची मुले कधी मराठीत व्याख्यान द्यायचे असले की मसुदा तपासून घ्यायला येतात. त्यांना विषय कळलेला असतो, मराठीही येत असते. दोहोंचा सांधा जुळत नाही. तो का जुळत नाही याचा शोध घेताना मला या खडकांविषयी वाचावे लागले, विचारावे लागले, डोंगरांत हिंडावे लागले. भाषेच्या शिक्षकांना आणि लेखकांना उपयोगी पडेल असे जे हाती लागले, ते येथे मांडतो.

१. दाब आणि रेटा

खोल पाण्यात उतरलेल्या पाणबुड्यावर चहूबाजूंनी सारखा दाब पडतो. तो वाकडा होत नाही, लांबट होत नाही, कारण वरून जितके दाबले जाते तितकेच खालून आणि बाजूंनी. जमिनीखालच्या खडकाचेही बरेचसे तसेच असते. दहा किलोमीटर खोलीवर वरच्या खडकांच्या ओझ्यामुळे पडणारा दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या अडीच हजार पटींहून अधिक भरतो. एवढ्या दाबाखाली खडक घट्ट होतो. खनिजांतले अणू कमी जागेत मावतील अशी नवी खनिजे तयार होऊ शकतात. पण दाब सर्व बाजूंनी समान असेल, तर घडी पडत नाही. कणकेचा गोळा दोन्ही तळव्यांत सगळीकडून सारखा वळला तर तो गोळाच राहतो. लाटण्याखाली आला की त्याची पोळी होते.

पोळी व्हायला एका बाजूने जास्त आणि दुसऱ्या बाजूने कमी जोर लागतो. या एका दिशेने येणाऱ्या जोराला मराठीत नेमका शब्द आहे : रेटा. गर्दीत माणूस चेंगरतो तो दाबाने, पुढे ढकलला जातो तो रेट्याने. पर्वतनिर्मितीत, म्हणजे ग्रंथांतील गिरिजननात, दोन भूखंडे एकमेकांकडे सरकत येतात आणि मधल्या थरांवर आडवा रेटा येतो. सर्व बाजूंचा दाब असतोच. त्यावर हा रेटा चढतो. खडकाचा आकार बदलतो तो दाब आणि रेटा यांतील तफावतीमुळे.

रेट्याच्या जोडीला आणखी दोन शब्द लागतात. रेट्याच्या काटकोनात थर मोकळा होऊन लांबतो, तिथे 'ताण' येतो. एक थर दुसऱ्यावरून घसरू पाहतो, तिथे 'सरक' असते. पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवून वरच्या पानांवर तळहात टेकवून पुढे ढकलला, तर एकही पान फाटत नाही, पण कॅटाची बाजू तिरपी होते. बाजूवर पेनाने आधी गोल काढला असेल, तर त्याचा लांबट अंडाकार होतो. खडकातील सरकही अशीच, आणि खडकात मुळात गोल असलेल्या वस्तू पुढे किती लांबट झाल्या हे मोजूनच भूशास्त्रज्ञ विकृतीचे माप काढतात. पिंडाश्मातील, म्हणजे गोटे एकत्र चिकटून बनलेल्या खडकातील, मूळचे वाटोळे गोटे या कामी साक्षीला येतात.

दाब, रेटा, ताण, सरक. हे चार शब्द वेगळे वापरले की व्याख्येतले अर्धे धुके निवळते.

२. कठीण दगड वाकतो कसा?

विद्यार्थ्याचा पुढचा प्रश्न रास्त असतो. दगड तर फुटतो. तो वाकेल कसा? वितळला असेल का? वितळलेला नसतो. या सगळ्या प्रवासात खडक घनच राहतो, आणि हे आरंभीच सांगून टाकणे बरे, कारण 'उष्णता' म्हटले की मुलांच्या मनात लाव्हा उभा राहतो.

घनपदार्थ फुटणार की वाकणार हे तीन गोष्टींवर ठरते : तापमान, सभोवारचा दाब आणि वेग. लाखेची बांगडी थंड असताना वाकवली तर मोडते, ऊब दिली तर वळते. डांबराच्या गार खड्यावर हातोडा मारला तर ठिकऱ्या उडतात. तोच खडा पिंपात वर्षभर पडून राहिला तर हळूहळू पसरतो. खडकाचे गणित याच जातीचे आहे, फक्त आकडे मोठे. सर्वसाधारण भूकवचात दर किलोमीटर खोलीमागे तापमान पंचवीस ते तीस अंशांनी वाढते. सुमारे ३०० अंश सेल्सिअसपाशी क्वॉर्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, घन राहूनच हळूहळू वाहू लागते. फेल्स्पारला त्यासाठी ४५० ते ५०० अंश लागतात. म्हणून एकाच खडकात एके ठिकाणी क्वॉर्ट्झचे कण लांबट, वाहते झालेले आणि त्यांच्यामध्ये फेल्स्पारचे कण तडकलेले, असे दृश्य भिंगाखाली दिसते. एकाच घरातली दोन माणसे एकाच संकटाला दोन तऱ्हांनी सामोरी जावीत, तसे.

कणांच्या पातळीवर तीन गोष्टी घडतात. पहिली, अभ्रकासारखी चपटी खनिजे रेट्याला आडवी होतात, किंवा आडवीच नव्याने वाढतात. दुसरी, कणांमध्ये जे थोडेसे पाणी असते त्यात खनिज विरघळते. विरघळते ते रेटा जास्त असलेल्या बाजूला आणि पुन्हा साठते ते रेटा कमी असलेल्या बाजूला. कणाने जणू स्वतःची कूस बदललेली असते. खडकांत दिसणाऱ्या पांढऱ्या गारेच्या शिरांपैकी अनेक शिरा अशा स्थलांतरातून आलेल्या असतात. तिसरी गोष्ट स्फटिकाच्या आत घडते. स्फटिकातील अणूंची रांग परिपूर्ण नसते, तिच्यात जागोजागी चुका असतात, आणि त्या चुका रांगेतून पुढे सरकत जातात. जड सतरंजी ओढून हलत नाही. तिच्या एका टोकाला सुरकुती पाडून ती सुरकुती दुसऱ्या टोकापर्यंत ढकलत नेली, तर अख्खी सतरंजी थोडी सरकते. स्फटिक असाच सरकतो, एका वेळी एक सुरकुती.

आणि वेग? पर्वत घडताना खडकांच्या आकारबदलाचा जो वेग धरला जातो, त्यानुसार एक किलोमीटर लांबीचा थर दहा मीटर आखडायला साधारण तीस हजार वर्षे लागतात. आपली सगळी लिखित भाषा या मुदतीच्या एका कोपऱ्यात मावते.

३. पाटीचा दगड

या सगळ्याचा एक नमुना आपल्यापैकी अनेकांनी मांडीवर घेऊन मुळाक्षरे गिरवली आहेत. पाटीचा दगड हा रूपांतरित खडक. मुळात तो समुद्राच्या किंवा तलावाच्या तळाशी साठलेला बारीक चिखल. चिखलाचा शेल झाला आणि शेलावर रेटा आल्यावर त्यातली अभ्रकासारखी सूक्ष्म खनिजे एका दिशेने आडवी झाली. म्हणून पाटीचा दगड पातळ, सपाट पत्र्यांत फुटतो.

पाटी ज्या पातळीवर फुटते ती मूळ चिखलाच्या थरांची पातळी असेलच असे नाही. थर एका दिशेला असतात, रेट्याने आलेले पापुद्रे दुसऱ्या दिशेला, आणि काही पाट्यांवर मूळ थराची फिकट पट्टी तिरपी जाताना दिसते. एका दगडात दोन काळ नोंदलेले असतात : साठण्याचा आणि रेटले जाण्याचा. 'कोरी पाटी' हा वाक्प्रचार आपण नव्याने सुरुवात करणाऱ्या मनासाठी वापरतो. ज्या वस्तूवरून तो घेतला ती मात्र अजिबात कोरी नसते.

तापमान आणि रेटा वाढत गेले की पाटीच्या दगडानंतर रेशमी चकाकीचा फायलाइट येतो, त्यानंतर डोळ्यांना दिसतील एवढे अभ्रकाचे पत्रे असलेला शिस्ट, आणि पुढे गडद-फिकट पट्ट्यांचा नाइस. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत शिस्टला 'सुभाजा' आणि नाइसला 'पट्टिताश्म' म्हणतात. 'सुभाजा', म्हणजे ज्याचे सहज भाग पडतात तो. हा शब्द घडवणाऱ्याने दगड हातात घेतला असावा असे मला नेहमी वाटते, कारण नावातच त्या खडकाचा स्वभाव आला आहे.

४. चांपानेर आणि लुणावाडा

बडोदे शहराखाली खडक दिसत नाही. फतेगंजात पायासाठी खणले तर नद्यांनी आणलेला गाळच लागतो. आमच्या शेजारून वाहणारी विश्वामित्री मात्र पावागडावरून येते, आणि पावागड आमच्यापासून पन्नास किलोमीटरच्या आसपास. हा डोंगर सह्याद्रीच्या गोत्रातला, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्ह्यांचा. त्याचे थर बहुतांशी आडवे, एकावर एक, पायऱ्यांसारखे.

पावागड ओलांडून पूर्वेला शिवराजपूर, जांबुघोडा या भागात शिरले की दगडाची जात बदलते. रस्त्याच्या कडेला फायलाइटचे पापुद्रे तिरपे उभे असतात, मधूनमधून क्वॉर्टझाइटच्या धारदार रांगा. शिवराजपूरचे मँगनीज याच खडकांतले. जांबुघोड्याजवळ नारुकोट येथे थरांची रचना घुमटासारखी आहे. डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी तापी आणि खालच्या नर्मदा खोऱ्यावरील आपल्या १८६९च्या वृत्तान्तात या खडकांना चांपानेरचे नाव दिले. बडोदे संस्थानाच्या भूशास्त्राचा पहिला सविस्तर ग्रंथ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८९८ साली सिद्ध केला. दक्षिण भारतात पुराश्मयुगीन हत्यार शोधणारे म्हणून आपण ज्यांना ओळखतो, ते हेच फूट. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून निवृत्त झाल्यावर ते संस्थानच्या सेवेत आले होते. पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाने या खडकांचा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवला. त्या विभागाचे प्राध्यापक एस. एस. मेढ यांचा गुजरातच्या भूशास्त्रावरचा ग्रंथ १९९५चा.

गोध्र्याच्या पुढे, लुणावाडा परिसरात, हीच कथा अधिक खोलवर घडलेली दिसते. चांपानेरचे खडक बहुतांशी कमी तापमानाला रूपांतरित झालेले. लुणावाड्यात सुभाजा येतो आणि काही ठिकाणी त्यात गार्नेटचे तांबडे दाणे. दोन्ही प्रदेश अरवली पर्वतपट्ट्याचे दक्षिण टोक आहेत. हा पट्टा येथून दिल्लीपर्यंत सुमारे सातशे किलोमीटर जातो. आज लुणावाड्याच्या टेकड्या फार उंच नाहीत. ज्या काळी हे खडक घड्या घेत होते त्या काळी ते जमिनीखाली कित्येक किलोमीटर होते. वरचा पर्वत झिजून गेला, मुळे उघडी पडली, आणि त्यांतले टणक क्वॉर्टझाइट तेवढे रांगा होऊन उभे राहिले.

मराठी माणसाची दगडाविषयीची कल्पना पावागडाच्या बाजूची आहे, जांबुघोड्याच्या बाजूची नाही. आपला कातळ, कडा, घाट, लेणे, किल्ला, पाटा-वरवंटा, सगळे बेसॉल्टचे. हा खडक लाव्हा थिजून झाला आणि बहुतेक ठिकाणी जिथे थिजला तिथेच, आडवाच राहिला. सह्याद्री हा घड्या पडून झालेला पर्वत नव्हे. तो लाव्ह्याच्या पठाराचा झिजलेला काठ आहे. त्यामुळे दगड म्हणजे न बदलणारी गोष्ट असे आपली भाषा मानते. न बदलणाऱ्या निर्णयाला आपण 'काळ्या दगडावरची रेघ' म्हणतो. जांबुघोड्याच्या दगडावर रेघा असतात त्या थरांच्या, आणि त्या रेघाच वाकलेल्या असतात.

म्हणून वली पर्वताचे उदाहरण द्यायचे झाले की आपले पुस्तक थेट हिमालयावर जाते. हिमालय योग्यच उदाहरण. तिथे सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेली टक्कर अजून चालू आहे. पण तेवढे दूर जाण्याची गरज नाही. नागपूर जिल्ह्यात रामटेक-देवलापारच्या परिसरात संगमरवर, सुभाजा आणि मँगनीज असलेला सौसर गट आहे. तिथे खडकांच्या चादरीच्या चादरी एकमेकींवर सरकवल्या गेल्या आहेत, हे डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९३०च्या दशकात दाखवून दिले. गोव्यातही फायलाइट आणि सुभाजा भरपूर. वली म्हणजे काय हे नागपूरच्या, पणजीच्या आणि बडोद्याच्या मुलाला आपापल्या जिल्ह्याच्या जवळपास दाखवता येते.

५. घडीवर घडी

आता मुख्य गोष्ट. लुणावाड्याचे खडक एकदाच वाकले नाहीत. त्यांच्या विरूपणाचे तीन टप्पे अभ्यासकांनी वेगळे काढले आहेत. पहिल्या दोन टप्प्यांतील घड्यांची अक्षदिशा एकच, ईशान्य-नैऋत्य. तिसऱ्या टप्प्यातील घड्या रुंद, पसरट आणि आधीच्यांना आडव्या, साधारण वायव्य-आग्नेय.

कापडाने हे करून पाहता येते. एक टॉवेल लांबीत दुमडा. तोच दुमडलेला टॉवेल पुन्हा त्याच दिशेने दुमडा. आता कडेने पाहिले तर आतली घडी गळासारखी वळलेली दिसते. मग दोन्ही हातांनी त्याला आडव्या दिशेने हलके फुगवटे द्या. जिथे उंचवट्यावर उंचवटा येतो तिथे घुमट, खोलगटावर खोलगट येतो तिथे वाटी, अंड्यांच्या ट्रेसारखे. लुणावाडा परिसराच्या उपग्रहचित्रात क्वॉर्टझाइटच्या रांगा अशाच वळत, आकडे घेत जाताना दिसतात. दोन घड्यांच्या परस्परभेटीतून कोणते आकार निर्माण होतात याचे वर्गीकरण जॉन रॅमसे यांनी १९६०च्या दशकात केले, आणि आजही तेच वापरले जाते.

घडीचा आकार थराच्या स्वभावावरही ठरतो. पातळ लुगड्याला बारीक निऱ्या पडतात, गोधडीला मोठी घडी. तसेच जाड, टणक थराच्या घड्या मोठ्या, पातळ थराच्या लहान. क्वॉर्टझाइट वाकताना आपली जाडी बरीचशी राखतो. त्याच्या शेजारचा अभ्रकी थर मात्र घडीच्या बाकावर जाऊन गोळा होतो आणि भुजांवर पातळ होतो. तोच टणक थर ताणला गेला तर जागोजागी बारीक होऊन तुटतो आणि माळेतल्या मण्यांसारखे तुकडे उरतात. मधल्या जागा मऊ थर भरून काढतो. सुभाज्याचे जुने पापुद्रे नव्या रेट्याखाली आले की त्यांना बारीक लाटा पडतात. त्यांना आपल्या शिवणकामातला 'चुणी' हा शब्द जशाच्या तसा लागू पडतो.

पण टप्पे तीनच आणि याच क्रमाने, हे कळते कशावरून? येथे मला माझ्या विषयाची ओळखीची वाट सापडली. संस्कृत 'हस्त' या शब्दाचे मराठीत 'हात' झाले. मधल्या पायऱ्या आपल्याला ठाऊक आहेत : हस्त, हत्थ, हाथ, हात. आधी 'स्त'चा 'त्थ' झाला. मग जोडाक्षर सुटे होऊन आधीचा स्वर दीर्घ झाला. मग शेवटी महाप्राण गळाला. हा क्रम उलटवता येत नाही. जोडाक्षर शिल्लक असेपर्यंत ते सुटून स्वर दीर्घ होण्याचा प्रश्नच नसतो. प्रत्येक बदल आधीच्या बदलाने तयार केलेल्या रूपावर होतो, आणि शेवटच्या रूपात सगळ्या बदलांची खूण असते.

खडकाचा तर्क हाच. नंतरची घडी आधीच्या घडीला वाकवते. आधीची घडी नंतरच्या घडीला वाकवू शकत नाही. घडीचा अक्ष स्वतः सरळ असेल तर ती बहुधा शेवटच्या टप्प्यातली; अक्षच वळलेला असेल तर तिच्यानंतर आणखी काही घडले. पापुद्र्यांना चुण्या असतील तर पापुद्रे आधीचे. याला सापेक्ष क्रम म्हणतात, आणि तो लावायला तारीख लागत नाही.

ही तुलना आणखी एक पाऊल पुढे जाते. आमचा गुजराती शेजारी आजही 'हाथ' म्हणतो. मराठीने मागे टाकलेली पायरी शेजारच्या भाषेत जिवंत आहे. तसेच लुणावाड्याच्या सुभाज्याने ओलांडलेली फायलाइटची पायरी चांपानेरच्या बाजूला हातात घेऊन पाहता येते. शिवाय गार्नेटचा दाणा वाढताना भोवतालचे पापुद्रे आपल्या पोटात घेतो. बाहेरचे पापुद्रे पुढच्या टप्प्यात चुरगाळले जातात. दाण्याच्या आत मात्र जुन्या पापुद्र्यांची रेषा सुरक्षित राहते. 'घरी', 'दारी', 'माथी' यांतला सप्तमीचा ई मराठीत सर्वत्र उरलेला नाही, पण या रूपांत टिकला आहे. भाषेतली गार्नेटेच ती.

साम्याची मर्यादाही सांगायला हवी. सापेक्ष क्रम म्हणजे कालमापन नव्हे. भाषेच्या बदलाला वर्ष लावायचे तर तारीख असलेला शिलालेख लागतो. खडकांच्या घड्यांना काळ लावायचा तर किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून वय काढता येईल असा खडक लागतो. या प्रदेशात ते काम गोध्र्याच्या ग्रॅनाइटने केले. त्याचे वय सुमारे ९५ कोटी वर्षे निघाले आहे, आणि त्याच्या घुसण्याचा संबंध विरूपणाच्या तिसऱ्या टप्प्याशी जोडला जातो. म्हणजे पहिल्या दोन घड्या त्याहून जुन्या. आणि भाषा माणसांच्या तोंडून बदलते, तिच्यात हेतू, प्रतिष्ठा, विनोद, लाज असते. खडकात यांतले काही नसते. साम्य आहे ते वाचण्याच्या पद्धतीत.

६. तीन शब्दांविषयी

'रूपांतर' हा शब्द साहित्यात आपण मूळ कृती नव्या परिसरात वसवण्यासाठी वापरतो. नाटकाचे भाषांतर वेगळे, रूपांतर वेगळे. खडकाच्या बाबतीतही तो चपखल आहे. चुनखडकाचा संगमरवर होतो, वालुकाश्माचा क्वॉर्टझाइट होतो. द्रव्य बहुतांशी तेच, घडण नवी. विद्यार्थ्याला हा दुवा सांगावा. त्याच्याकडे शब्द आधीच आहे.

'विकृती' हा शब्द अवघड. भौतिकशास्त्रात जोर लावल्यावर वस्तूच्या आकारात होणाऱ्या बदलाला विकृती म्हणतात, पण रोजच्या बोलण्यात हा शब्द निंदेचा झाला आहे. 'खडकाची विकृती' म्हटले की वर्गात हसू फुटते. उपाय व्याकरणाच्या तासात आहे. आपण 'विकारी' आणि 'अविकारी' शब्द शिकवतोच. 'घोडा'चे 'ला' लागण्यापूर्वी 'घोड्या' होते, तो विकार. त्यात कोणाची निंदा नाही, फक्त रूप बदलले आहे. या अर्थाची आठवण दिली की विकृतीचे शास्त्रीय रूप निर्मळ होते. व्याकरणाचा आणि विज्ञानाचा शिक्षक एकाच शाळेत बसतात. हा शब्द दोघांनी एकाच आठवड्यात शिकवावा.

तिसरा शब्द 'वली'. शालेय भूगोलाने तो रूढ केला, आणि अपनती-अभिनती ही जोडीही. मी तो काढा असे म्हणणार नाही. पण घरात घडी, निरी, चुणी, दुमड, सुरकुती असे पाच शब्द असताना आरंभी 'घडी' म्हणावे, तिच्या प्रकारांना निरी-चुणी म्हणून ओळखावे, आणि मग 'यालाच वली म्हणतात' असे सांगावे. अनोळखी शब्द ओळखीच्या वस्तूवर बसला की टिकतो. वस्तूआधी आला तर परीक्षेपुरता राहतो.

या कामाला बडोद्यात परंपरा आहे. १८९०मध्ये सुरू झालेल्या कलाभवनाचा पायाच तांत्रिक शिक्षण देशी भाषांतून देण्याच्या विचारावर होता. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू'ने राज्यकारभाराच्या एकेका संज्ञेसाठी आठ भाषांतले शब्द शेजारी शेजारी ठेवले. त्या पानांवर मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी एकमेकींना उसने शब्द देताना दिसतात. शास्त्रीय परिभाषेसाठीही हीच रीत चांगली. अनेक पर्याय समोर मांडावेत आणि जो विद्यार्थ्याला वस्तू दाखवतो तो निवडावा. 'सुभाजा' दाखवतो, ठेवावा. 'पट्टिताश्म' दाखवतो, ठेवावा. 'क्वॉर्टझाइट', 'फायलाइट', 'गार्नेट' रुळले आहेत, त्यांना हात लावू नये. आणि व्याख्येत 'दाब' एकटा पुरत नाही, तिथे 'रेटा' घालावा.

तेव्हा शिक्षकांसाठी माझी सूचना अशी. व्याख्येचे वाक्य थोडे लांब होऊ द्यावे : 'जमिनीखालची उष्णता, सर्व बाजूंचा दाब आणि एका बाजूने येणारा रेटा यांमुळे, न वितळता, ज्या खडकाची खनिजे व घडण बदलते, तो रूपांतरित खडक.' त्याआधी वर्गात एक टॉवेल दुमडावा, पत्त्यांचा कॅट तिरपा करावा, आणि जुन्या कपाटात पाटी सापडली तर ती फिरवून तिची कड मुलांना दाखवावी. सहल काढता आली तर एकाच दिवशी पावागडही दाखवावा आणि जांबुघोडाही. आडव्या थरांचा डोंगर एकीकडे, उभ्या-तिरप्या पापुद्र्यांची जमीन दुसरीकडे. दोहोंतला फरक मुलांना आपल्या शब्दांत सांगायला लावावे, आणि ती जे शब्द वापरतील ते वहीत टिपून ठेवावेत. परिभाषा समित्यांना पाठवण्याजोगे त्यांत पुष्कळ निघेल.